पाहुण्या गेलेल्या बंदुका

एल्वुड रीबकला बंदुकांचा नाद होता, यात सांगण्यासारखं काही नाही. आमच्या श्रोडर्स गॅपमध्ये तो कुणाला नाही? पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगराळ पट्ट्यात हरणांची शिकार सुरू झाली की शाळेलाही सुट्टी असते. पण एल्वुडचं खूळ निराळं होतं. हरणं पाडायच्या दणकट रायफलींकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. त्याला हव्या असायच्या जुन्या, बारक्या, कुणी नाव न ऐकलेल्या रिमफायर बंदुका. म्हणजे ज्यांच्या काडतुसाचा पेटता मसाला बुडाच्या मध्यात नसतो, तर बुडाच्या कडेच्या दुमडीत भरलेला असतो, आणि पिन येऊन त्या कडेवरच आपटते. कुठल्या तरी नदीकाठच्या शेडमध्ये दोघा भावांनी मिळून चार-दोन वर्षं बनवल्या, मग दिवाळं वाजलं, आणि पुढं जगानं विचारलंसुद्धा नाही, अशी एखादी बंदूक कुठल्या म्हातारीच्या माळ्यावर आहे असं नुसतं कानावर यायचा अवकाश, की हा निघालाच गाडी काढून.

त्यातल्या पुष्कळ बंदुकांना काडतूसच मिळायचं नाही. कारखान्यांनी ते बनवणं बंद करून जमाना झाला होता. एल्वुड त्यांना 'अनाथ पोरं' म्हणायचा.

"म्हणजे तू अनाथाश्रम चालवतोस म्हण की," विटमर त्याला चिडवायचा. ऑर्विल विटमर हा त्याचा जुना दोस्त, आमच्या बंदूक क्लबाचा प्रमुख आणि जुन्या काडतुसांचा व्यापारी.

"चालवतो. तुझ्यासारख्या खाटकाच्या हाती देण्यापेक्षा बरं."

नजर तर काय विचारता! एखाद्या स्क्रूची खाच जरा वेडीवाकडी दिसली, की तो मुळातला नाही हे याला हातभर अंतरावरून कळायचं. कुणी हौसेनं जुनी बंदूक घासूनपुसून चकाचक करून आणली, तर याचा चेहरा लालबुंद व्हायचा. "अरे, कातडी सोललीस की रे तिची!" असा ओरडायचा, आणि तो बिचारा माणूस आपली बंदूक पाठीमागे लपवायचा. मला विचाराल तर माणसाला एवढं बारीक दिसू नये. जवळचं दिसायचं राहून जातं.

वापरायच्या बंदुका तो लोखंडी कपाटात ठेवायचा आणि किल्ली कमरेला. त्या बाबतीत तो कडक होता. पण अनाथ पोरं मात्र भिंतींवर उघडी टांगलेली. उपाशी बंदूक कुणाचं काय वाकडं करणार, असं त्याचं म्हणणं. त्यांची जी थोडी जुनी काडतुसं विटमरकडून मिळवली होती, त्यांच्यासाठी त्यानं स्वतः एक लाकडी खण बनवला होता. प्रत्येक काडतुसाला भोक, बूड वर, आणि बुडावर कारखान्याचं जे अक्षर ठोकलेलं असतं ते अगदी सरळ उभं. सगळी अक्षरं एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारखी. ती काडतुसं आहेत, ती उडू शकतात, हे त्याच्या डोक्यातून पार गेलं होतं. त्याच्या लेखी ती पोस्टाची तिकिटं होती. अशी चूक फक्त संग्राहकच करू जाणे. साधा शिकारी कधी करणार नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, क्लबाचं शरदातलं बंदुकांचं प्रदर्शन तोंडावर आलं असताना, त्यानं तो खण उघडला. वसंतातल्या प्रदर्शनानंतर पहिल्यांदाच. आणि त्याला दिसलं की मधल्या रांगेतलं एक अक्षर वाकडं आहे.

आधी तो नुसता वैतागला. कोणी हात लावला? त्यानं ते काडतूस उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता तरी बोटांना कळलं. कडेवर पोचा होता. अंगठ्यानं गोल फिरवलं, तर थोडं पुढं आणखी एक पोचा.

तो तिथंच, बायकोच्या शिवणाच्या खुर्चीवर बसला.

हे समजायला फार हुशारी लागत नाही. जुन्या काडतुसात एखाद्या जागी कडेतला मसाला झडून गेलेला असतो. पिन तिथंच आपटली तर नुसता 'टक' आवाज होतो. मग जाणता माणूस काडतूस काढतो, जरासं फिरवतो, परत घालतो आणि चाप ओढतो. कुणीतरी हे केलं होतं. नेमबाजीची हौस असती तर कपाटाची किल्ली मागून घेतली असती, मागच्या अंगणात डबे मांडले असते. हे बंद दाराआड झालं होतं, एकट्यानं. पहिल्यांदा उडालं नाही तर त्या माणसानं फिरवून पुन्हा ओढलं होतं. आणि तेही उडालं नाही, तेव्हा गुपचूप आणून जागेवर ठेवलं होतं.

आमच्याकडे असं काही घडलं की 'बंदूक साफ करताना सुटली' म्हणतात. पाद्रीही तेच म्हणतो, वर्तमानपत्रही तेच छापतं. या खोऱ्यात साफ करताना सुटलेल्या बंदुका किती आहेत ते स्मशानात जाऊन बघावं. एल्वुडचा स्वतःचा चुलता त्यातलाच. त्यामुळे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. त्याच्या घरातलं कुणीतरी मरायला निघालं होतं, आणि केवळ शंभर वर्षांच्या जुन्या मसाल्यानं दगा दिला म्हणून वाचलं होतं.

घरात माणसं तीन. तो स्वतः, बायको वर्ना, आणि मुलगा डॅरिल. म्हणजे डॅरिलच! दुसरं कोण असणार? त्याची बायको त्याला सोडून गेली होती, दगडखाणीतली नोकरी गेली होती, आणि चाळिशीला आलेला हा गडी फेब्रुवारीपासून आईबापाच्या तळघरात राहत होता. काडतूस फिरवून लावायची युक्ती एल्वुडनं त्यालाच शिकवली होती, लहानपणी. अजून कुणाला शिकवल्याचं त्याला आठवत नव्हतं.

त्या दिवसापासून तो पोरावर डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागला. तो न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिला, की हा दार ठोठावायचा. तळघराच्या जिन्यावर उगाच खुर्ची टाकून बसायचा. शेवटी एकदा त्याला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला.

"तुझी हरणांची रायफल दे इकडं."

"का?"

"दे म्हणतो ना."

"पॉप, शिकार महिन्यावर आलीय. काय झालंय काय तुला? भूत मागं लागल्यासारखा माझ्या मागं-मागं फिरतोयस."

एल्वुडनं खिशातून काडतूस काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. डॅरिलनं ते फिरवून पाहिलं. पोचे दिसले तसा त्याचा चेहरा पडला. "हे मी नाही केलं."

"बेटा, मी रागावणार नाही."

"अरे, मी नाही केलं म्हणतोय ना! माझं आयुष्य चुलीत गेलंय, ते मला मान्य आहे. पण हे मी नाही केलं. आईशप्पथ!" मग जरा थांबून तो म्हणाला, "पॉप, तू मॉमकडे बघतोस का कधी? ती धड जेवत नाही. ताटात नुसती ढवळाढवळ करते."

"विषय बदलू नकोस. आईला कशाला मध्ये ओढतोस?"

डॅरिलनं रायफल आणून त्याच्या हातात आदळली आणि तो पाय आपटत निघून गेला. कबूल कोण करतं, असं म्हणत एल्वुडनं ती उचलली.

आता वर्नाबद्दल सांगायला हवं, कारण त्या घरात तिच्याबद्दल कुणी बोलतच नव्हतं. सगळा जन्म शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवण्यात गेला. कारखाना बंद पडला, यंत्रं ट्रकात घालून कुठं परदेशी गेली, आणि ती घरी आली. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिची बहीण एडना वारली. दोघी रोज सकाळी फोनवर बोलायच्या, काय बोलायच्या देव जाणे, पण फोनची तार ताणून ताणून सरळ झाली होती. एडना गेल्यावर वर्नानं चर्चमधलं गाणं सोडलं. मुरंब्याच्या बरण्या शेजारणींना वाटून टाकल्या. जानेवारीत तर शिवणयंत्रही चर्चला देऊन टाकलं. "डोळे दुखतात रे आताशा," म्हणाली. एल्वुडला आनंद झाला. खरंच झाला, उगाच कशाला झाकायचं? शिवणाच्या खोलीतली एक अख्खी भिंत त्याला रिकामी मिळाली. आठवड्याच्या आत तिथं अनाथ पोरं टांगली गेली, आणि खिडकीखाली तो खणही आला.

आमच्या क्लबात एक जुना रिवाज आहे. एखाद्याचं मन थाऱ्यावर नसेल, घरात काही बरंवाईट चाललं असेल, तर त्याच्या बंदुका 'पाहुण्या' जातात. दुसऱ्या कुणाच्या घरी, कुलपात. ज्याच्याकडे जातात त्यानं कारण विचारायचं नाही. त्यानं एवढंच विचारायचं, "पाहुणे किती दिवस?" आणि आणणाऱ्यानं म्हणायचं, "बर्फ वितळेपर्यंत." मग तो मे महिना का असेना! कायद्यात हे कुठं लिहिलेलं नाही, पण या रिवाजानं बरीच माणसं जगली आहेत. काही तर अजून माझ्या शेजारी बसून कॉफी पितात.

प्रदर्शनाच्या रविवारी एल्वुडनं गाडीत सगळ्या बंदुका भरल्या. कपाटातल्या, भिंतींवरच्या, डॅरिलची रायफल, सगळ्या गोधड्यांत गुंडाळून. वर्ना पडवीत उभी राहून बघत होती.

"सगळ्याच?" तिनं विचारलं.

"सगळ्याच."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि आत गेली.

काडतुसांचा खण त्यानं घरीच ठेवला. त्यांतलं एकही बसेल अशी बंदूक घरात उरली नाही, मग नुसत्या काडतुसांना कोण विचारतो? पोचे पडलेलं तेवढं त्याच्या शर्टाच्या खिशात होतं.

प्रदर्शन नेहमीसारखं अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. बायका मागच्या खिडकीतून हॅम आणि घेवड्याचं सूप देत होत्या, बिटात मुरवलेली लाल अंडी बरणीत तरंगत होती. विटमरनं गाडीत डोकावून पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचं हसू मावळलं. त्यानं गोधड्यांकडे बघितलं, मग दोस्ताकडे.

"पाहुणे किती दिवस?"

"बर्फ वितळेपर्यंत."

"ठीक." विटमरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिथंच संपायचं ते. पण एल्वुडच्यानं राहवेना. इतके दिवस मूग गिळून बसला होता, आता रिवाज त्यानंच मोडला. हॉलच्या कोपऱ्यात, सुपाचा वाडगा थंड होत असताना, त्यानं ते काडतूस टेबलावर ठेवलं. "माझ्या पोरानं..." एवढंच बोलला, आणि काडतूस दोस्ताकडे सरकवलं.

विटमरनं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ तो काडतूस दिव्याखाली फिरवत राहिला.

"कुठल्या बंदुकीतून?" त्यानं विचारलं.

"भिंतीवरच्या चारपैकी एखादी. या मापाच्या चारच आहेत माझ्याकडे."

"त्या चारही मला पाठ आहेत, गड्या. तीन तर मीच विकल्यात तुला. त्यांच्या पिना चपट्या, छिन्नीसारख्या. ही खूण बघ. चंद्रकोर आहे. आणि एका बाजूनं कानस मारलीय पिनला, हातानं." त्यानं भिंग एल्वुडपुढे सरकवलं. "ही कानस तुझीच आहे ना रे?"

एल्वुडनं भिंगातून पाहिलं, आणि आपली कानस ओळखली.

त्याच हॉलच्या मागं, तो विशीत असताना, हॅमच्या बक्षिसाची नेमबाजी होती. निळा कोट घातलेली एक मुलगी एक चिमुकली, सायकलवर नेता यावी म्हणून दुमडता येणारी सायकल-रायफल घेऊन आली होती, वडिलांची. शेवटच्या फेरीत तिचं काडतूस उडालं नाही. ती रडकुंडीला आली, आणि प्रतिस्पर्धी असूनही हा पुढं झाला. "काढ, जरासं फिरव, परत घाल." तिनं फिरवलं, घातलं, आणि याच्या डोळ्यांदेखत याचंच हॅम जिंकून घेऊन गेली. पुढं लग्न ठरल्यावर त्यानं त्या रायफलीची झिजलेली पिन कानशीनं घासून नीट करून दिली होती. सायकल-रायफल शिवणाच्या खोलीच्या दारामागं खुंटीवर होती. तिच्या ॲप्रनखाली. ती संग्रहातली नव्हती. ती वर्नाची होती, म्हणून 'सगळ्या' म्हणताना त्यानं ती कधी धरलीच नव्हती.

आणि खणही घरीच होता. त्या मापाची एकच बंदूक आणि तिची सगळी काडतुसं, एका खोलीत, वर्नासोबत.

ही गोष्ट खिशात फोन येण्याआधीची. हॉलच्या भिंतीवरच्या फोनवरून त्यानं घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. डॅरिल रुसून मित्राकडे गेलेला. विटमर म्हणाला, "मी येतो." पण एल्वुड थांबला कुठं? दारात सुपाचा ट्रे घेऊन उभी असलेली बाई बाजूला ढकलून तो पळाला. गाडी कशी चालवली ते त्याला नंतर कधी आठवलं नाही. तोंडानं मात्र तो एकच म्हणत होता, "अगं, थांब. अगं, थांब जरा."

घराचं दार उघडं. स्वयंपाकघरात कुणी नाही. तो शिवणाच्या खोलीकडे धावला. दार ढकललं, ॲप्रन ओढला. खाली रायफल होती. जागेवर. त्यानं ती छातीशी धरली आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

वर्ना दोरीवरच्या चादरी काढत होती. तोंडात चिमटे होते. त्याला धापा टाकताना बघून, त्याच्या हातात काय आहे ते बघून तिनं एकेक चिमटा काढून टोपलीत टाकला. चादर तशीच हातात राहिली.

"डॅरिल नव्हता तर," एल्वुड म्हणाला.

"डॅरिल? त्याला कशाला धरलंस? तो बिचारा काय करेल!" ती म्हणाली, आणि मग तिला सगळं कळलं. "अरे देवा! म्हणून त्याच्या मागं मागं फिरत होतास होय?"

"कधी, वर्ना?"

"मार्चमध्ये. तू प्रदर्शनाला गेला होतास. डॅरिल झोपला होता खाली."

"मार्च!" तो मटकन पायरीवर बसला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? ते उडालं नाही तेव्हा मला आधी तुझीच भीती वाटली. इतकं जुनं काडतूस, तू किती जपतोस, आणि मी त्याला पोचे पाडून ठेवले. म्हणून फडक्यानं पुसलं आणि होतं तिथं नेऊन ठेवलं." ती चादरीची घडी घालायला लागली. "तू रागावशील म्हणून."

एल्वुडनं चेहरा हातांत लपवला. साठ-सत्तर पावसाळे पाहिलेला माणूस, हुंदके देऊन रडला. वर्ना शेजारी येऊन बसली. ती रडली नाही. तिचं रडून झालं होतं, एकटीचं, कधीचंच.

"आता?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "आता काय वाटतं?"

"काही दिवस बरे असतात." खोटं बोलायची सवय तिला नव्हती. "सकाळी फोनची वेळ झाली की वाईट जातं. आज तू सगळ्या बंदुका भरल्यास तेव्हा वाटलं, याला कळलं. आता हा काहीतरी विचारेल. मग ही तेवढी मागं ठेवून गेलास."

एल्वुडनं ती रायफल उचलून तिच्यापासून लांब, पायरीच्या पलीकडं ठेवली.

"पण तुला कळलं कसं?" तिनं विचारलं.

त्याला सांगावंच लागलं. "खणात त्याचं अक्षर वाकडं होतं. बाकीची सरळ होती."

वर्ना त्याच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर. राग असता तर बरं झालं असतं, असं एल्वुडनं पुढं मला कितीदा तरी सांगितलंय.

"म्हणजे मी ते सरळ ठेवलं असतं, तर?" ती म्हणाली.

वाऱ्यानं दोरीवरची उरलेली चादर फडफडत होती. विटमरची गाडी समोर येऊन थांबली. एल्वुड उठला, आतून तो खण घेऊन आला आणि रायफलीसकट गाडीत ठेवला. मग वर्नाचा कोट आणून त्यानं तिच्या खांद्यांवर घातला. "चल, डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला. "मी तिथं बसून राहीन." आज रविवार आहे, डॉक्टर नसेल, असं ती म्हणाली. तेव्हा विटमर म्हणाला की तो डॉक्टरच्या घरी जाऊन दार ठोठावेल, डॉक्टरकडे आपल्या स्वतःच्याही दोन बंदुका एकदा पाहुण्या राहून गेल्यात.

ती निघाली. गाडीत बसताना तिनं पुन्हा एकदा एल्वुडकडे बघितलं, उत्तराची वाट बघितल्यासारखं. तो तिचा हात धरून बसला.